रेस दिली की गाडी वाजते? आधी पत्रा बघा, मग गिअरबॉक्स

उभ्या गाडीत सगळं शांत असतं, सावकाश चालवली तरी काही ऐकू येत नाही, पण पिकअप घ्यायला पाय दाबला की कुठूनतरी आवाज सुरू होतो. पाय उचलला की बंद. ही तक्रार घेऊन येणारी बरीच माणसं निदानही ठरवूनच येतात : गिअरबॉक्स गेला, नाहीतर इंजिन बसलं. गाड्या खालून बघून माझं मत असं झालंय की महागड्या भागाचा संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. मात्र काही आवाज असे असतात की ते ऐकल्यावर गाडी एक किलोमीटरही पुढे नेऊ नये. हे दोन गट वेगळे करता आले की निम्मं काम झालं.

लक्षणं

खाली जे आवाज दिलेत त्यातला तुमचा कोणता, ते आधी ठरवा. शब्द तंतोतंत जुळणार नाहीत, जवळचा धरा.

पातळ पत्र्याची झणझण किंवा खडखड, तीही ठराविक आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे). थोडं वर किंवा खाली गेलं की गायब. हीट शील्ड (एक्झॉस्टवरचा पातळ पत्रा), सायलेन्सर टांगून धरणारा रबरी हँगर, इंजिनाखालचं कव्हर.

चीं-चीं किंवा लांब किंचाळी, विशेषतः सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर किंवा एसी लावल्यावर. पट्टा, म्हणजे बाहेरचा रिब असलेला बेल्ट, नाहीतर त्याच्या पुल्या.

फट्-फट् किंवा फुर्र-फुर्र, गार इंजिनावर जास्त, गरम झाल्यावर कमी. एक्झॉस्टमधून गळती.

सूं असा सुस्कारा किंवा शिट्टी, आणि गाडी नेहमीसारखी ओढत नाही. एअर फिल्टरपासून इंजिनापर्यंतच्या हवेच्या मार्गात फट.

पाय दाबताना एकदा आणि सोडताना एकदा 'धप्प'. इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार, नाहीतर सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचं रबरी बुश. मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत ती ताकद मागे नेणाऱ्या लांब दांड्याचा, प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट.

स्टिअरिंग वळवून रेस दिली की टक-टक-टक. बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या एक्सेलचा चाकाकडचा वळता सांधा.

सरळ रस्त्यावर जोर दिला की अख्खी गाडी थरथरते, पाय उचलला की थांबते. आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा सीव्ही जॉइंट.

वेग वाढेल तशी वाढणारी घूं-घूं. व्हील बेअरिंग किंवा टायर. याचा अ‍ॅक्सिलरेटरशी थेट संबंध नसतो, पण वेग वाढवतानाच ती ऐकू येते म्हणून लोक ती पिकअपला जोडतात.

चढावर, वरच्या गिअरमध्ये, पत्र्याच्या डब्यात गोट्या हलवल्यासारखी किणकिण. पेट्रोल इंजिनातलं नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी, झटक्यात पेटणं.

खोलवरची, जड ठक्-ठक्, आरपीएमबरोबर वेग धरणारी आणि जोर दिला की मोठी होणारी. इंजिनाच्या आतलं बेअरिंग.

इथेच थांबायचं

शेवटचं लक्षण असेल तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत. इंजिन बंद करा, गाडी ओढून न्या. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग वाजायला लागल्यावर गाडी घरापर्यंत नेण्याच्या हट्टात रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो, आणि मग दुरुस्त करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

ऑइलचा लाल दिवा लागला, टेंपरेचरचा काटा वर गेला, इंधनाचा वास आला, चाक डगमगतंय असं वाटलं किंवा स्टिअरिंग अचानक सैल लागलं, तरी हाच नियम. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर गाडी सावकाश नेता येते. पण तो लुकलुकत असेल तर एखादा सिलिंडर मिस होऊन (इंधन नीट न पेटता) न जळलेलं इंधन कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात जातंय, असं समजा. अशा वेळी रेस देऊन देऊन आवाज ऐकत बसू नका. कन्व्हर्टर आतून वितळतो.

आवाज कशाच्या मागे जातो?

आवाज कसा आहे हे सांगताना प्रत्येकाची भाषा वेगळी. एकाची खडखड ती दुसऱ्याची कुरकुर. म्हणून मी आवाजाच्या वर्णनावर फार विसंबत नाही. तो कशाबरोबर वाढतो-कमी होतो हे जास्त खात्रीचं. त्याला तीनच मालक असतात : इंजिनाचे आरपीएम, चाकांचा वेग आणि ताण. याला पैसा लागत नाही, एक मोकळा, सपाट रस्ता आणि शेजारी बसायला एक माणूस पुरतो.

पहिलं : गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल. रेस हळूहळू वाढवत न्या. आवाज आला तर मालक इंजिन आणि त्याला लागून असलेल्या वस्तू. चाकं, एक्सेल, जॉइंट सगळे यादीतून बाद.

दुसरं : गाडी पळत असताना आवाज येतोय त्या वेगाला क्लच पूर्ण दाबा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. आवाज तसाच राहिला तर तो चाकांच्या बाजूचा. ऑटोमॅटिक गाडीत नुसता पाय उचलून बघा. चावी मात्र चालत्या गाडीत अजिबात बंद करू नका. ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगची मदत जाते, आणि काही गाड्यांत स्टिअरिंगच लॉक होतं.

तिसरं : वेग तोच ठेवा, गिअर बदला. चौथ्यात ५० ला आवाज येत असेल तर तिसऱ्यात ५० ला बघा. आवाजाची पट्टी वर गेली तर इंजिन किंवा गिअरबॉक्सची आतली बाजू. काहीच फरक नाही तर चाकं. आणि सपाट रस्त्यावर ५० ला शांत, चढावर ५० ला आवाज, असं असेल तर मालक ताण : माउंटिंग, जॉइंट, नॉकिंग, एक्झॉस्ट.

काच खाली करून एखाद्या लांब भिंतीच्या कडेने गाडी न्या. भिंत आवाज परत पाठवते, त्यामुळे तो कोणत्या बाजूचा हे आत बसून कळत नाही ते कळतं. शेजारच्या माणसाने फोनवर रेकॉर्ड करावं. आणि रेकॉर्ड करताना गिअर, वेग, आरपीएम मोठ्याने बोलावं. नुसती खडखड ऐकून कुणालाच काही सांगता येत नाही.

हात काळे न करता होणारं

आधी गाडी रिकामी करा. डिकीतला जॅक, पाना, स्टेपनीचा मधला बोल्ट, ग्लोव्ह बॉक्स, दाराच्या खणातली बाटली, सीटखाली गेलेलं नाणं. नंबर प्लेटवर बोटाने टकटक करून बघा. खालचा स्क्रू नसेल तर ती दोन हजार आरपीएमच्या आसपास छान वाजते. फालतू वाटतं, म्हणूनच ही तपासणी सगळे गाळतात आणि मग डॅशबोर्ड उघडायला सांगतात.

मग ऑइल. गाडी सपाटीवर उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसा, परत घाला, काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल कमी असेल तर वरच्या बाजूची टिकटिक वाढते, कारण हायड्रॉलिक टॅपेटना (ऑइलच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह उघडणारे भाग) दाब मिळत नाही. खालच्या खुणेच्याही खाली असेल तर भरा, आणि भरल्यावर आवाज गेला म्हणून विषय संपवू नका. ऑइल गेलं कुठे हे शोधायचं राहिलंच. कूलंटची पातळीही गार इंजिनावर याच वेळी बघून घ्या, कारण तापलेलं इंजिन नॉक करतं.

टायर. हवा मोजा, खाचांमध्ये अडकलेले खडे काढा. खडा असला की वेगाबरोबर टिकटिक येते, आणि लोक तिला बेअरिंग समजतात. तळहात टायरच्या पृष्ठभागावरून पुढे-मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर घूं-घूं टायरची आहे. पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाजाने जागा बदलली तर बेअरिंगला हात लावायची गरज नाही.

चाकाचे नट. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. चाक नुकतंच काढून लावलं असेल आणि निघताना टक्-टक् येत असेल तर आधी पाना घ्या. गाडी जमिनीवर असताना, समोरासमोरचे नट आलटून पालटून, गाडीच्या मॅन्युअल पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या ठराविक जोराला) घट्ट करा. नटापासून बाहेर ओघळलेली गंजाची रेघ दिसली तर तो नट काही दिवस सैलच होता असं समजा. भोकं लंबगोल झाली असतील तर त्या चाकावर गाडी चालवायची नाही.

बॉनेट उघडल्यावर

इंजिन बंद आणि गार. विजेवर चालणारा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक फिरायला लागतो, हे लक्षात ठेवा. ओढणी, टाय, लांब केस, सैल बाही बॉनेटपासून लांब.

एअर फिल्टरचा डबा आधी. सर्व्हिसिंग झाल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल तर माझा पहिला संशय यावरच असतो. झाकणाची एक क्लिप लागलेली नसते, किंवा फिल्टरची रबरी कड दुमडून बसलेली असते. जोर दिला की इंजिन त्या फटीतून हवा ओढतं आणि घसा बसल्यासारखा खरखरीत आवाज येतो. डब्यातून पुढे जाणारा नळीसारखा रबरी पाइप वाकवून त्याच्या घड्यांच्या आत बघा. चीर नेमकी घडीत असते आणि इंजिन मागे झुकलं तरच उघडते. टर्बो गाडीत टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) पाइप आणि त्यांच्या क्लिपा तपासा. तिथे फट असली की सुस्कारा येतो, ताकद जाते, आणि डिझेल असेल तर मागून काळा धूर. टर्बोची बारीक शिट्टी नैसर्गिक आहे. ती भोंग्यासारखी मोठी झाली आणि निळा धूरही येऊ लागला तर टर्बोची बेअरिंग संपत आली. मग चालवू नका, तुटलेला तुकडा इंजिनात जाऊ शकतो.

बेल्ट. इंजिन चालू करून, हात लांब ठेवून, रिबच्या बाजूला स्प्रेने थोडंसं पाणी मारा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा बेल्टची बाजू घासतेय. उलट किंचाळी वाढली तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी. हल्लीच्या बेल्टना जुन्यासारख्या भेगा पडत नाहीत. रिब झिजून खाचा खोल होतात, त्यामुळे भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला असं धरू नका. बेल्ट बदलूनही महिन्या-दोन महिन्यांत आवाज परत येतो, तेव्हा दोष बहुधा बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा असतो. स्प्रिंग थकलेली किंवा पुलीची बेअरिंग सुकलेली. बेल्ट काढलेला असतानाच प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची. खरखर लागली की ती बदलायची. बेल्टला लावायचे चिकट स्प्रे मी वापरत नाही. दोन दिवस शांतता मिळते आणि धूळ चिकटून बेल्ट लवकर संपतो. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट सांडलेलं असेल तर आधी ती गळती.

गाडीखाली : जिथे खरं गुपित असतं

खाली जायचं तर एक अट. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. सपाट, टणक जागा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दगड किंवा ठोकळे, आणि गाडी स्टँडवर. स्टँड नसतील तर खाली शिरू नका. बसून, टॉर्च मारून जेवढं दिसेल तेवढंच बघा. तेवढ्यानेही पुष्कळ सापडतं.

हीट शील्ड म्हणजे एक्झॉस्टच्या पाइपभोवती आणि वर लावलेला पातळ पत्रा. एक्झॉस्टची उष्णता फ्लोअर, इंधनाची नळी आणि वायरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून तो असतो. पाणी, मीठ, चिखल आणि रोजचं तापणं-गार होणं यांनी आधी पत्र्याचं भोक जातं. बोल्ट जागेवर असतो, घट्टही असतो, म्हणून वरवर बघणारा 'सगळं टाइट आहे' म्हणून सांगतो. पण बोल्टच्या डोक्याभोवतीचा पत्रा कुजून भोक त्या डोक्याहून मोठं झालेलं असतं आणि शील्ड नुसतं अडकून राहिलेलं असतं. टॉर्च तिरका धरा. जिथे पत्रा पाइपला आपटतो तिथे गंजलेल्या तपकिरी पृष्ठभागावर चकचकीत, घासलेला ठिपका दिसतो. तो ठिपका सापडला की निदान झालं.

गार एक्झॉस्टवर, जाड हातमोजा घालून, पाइपला आणि प्रत्येक शील्डला मुठीने हलके ठोका. तीच झणझण ऐकू येईल. भोक मोठं झालं असेल तर जुनाच बोल्ट रुंद स्टीलच्या वॉशरसकट लावा. पाइपभोवती गुंडाळलेलं शील्ड असेल तर स्टेनलेस स्टीलची मोठी होज क्लिप आवळा. एक पुरत नसेल तर दोन एकमेकींना जोडून. प्लास्टिकची पट्टी लावू नका, ती वितळते. आणि वाजतंय म्हणून शील्ड उपटून फेकू नका. आवाज जाईल हे खरं, पण त्याच्या वर काय होतं ते आठवा. कन्व्हर्टर चालताना कित्येकशे अंश तापतो, आणि सुक्या गवतावर उभी केलेली गाडी त्याच्यामुळे पेटू शकते.

ठोकताना आवाज शील्डचा नसून कन्व्हर्टरच्या पोटातून खुळखुळल्यासारखा आला तर आतली जाळी फुटली आहे. हे घरी होणारं काम नाही. नवा बसवण्याआधी जुना का फुटला हे विचारा. इंजिन मिस होत असेल तर नवाही त्याच वाटेने जाईल.

गळती शोधायला काजळी बघा. जोड, गॅसकेट आणि वेल्डिंगच्या रेघेवर काळा, पंख्यासारखा पसरलेला डाग म्हणजे तिथून वायू बाहेर येतोय. गाडी मोकळ्या हवेत गार असताना चालू करून, जाड हातमोज्यात जाड फडकं धरून शेपटीचा पाइप दोन-चार सेकंद दाबला तर फुर्र कुठून येतंय ते कळतं. गळती केबिनच्या पुढे किंवा खाली असेल तर ती पुढच्या महिन्यावर ढकलू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दुरुस्तीपर्यंत गाडी चालवावीच लागली तर काचा उघड्या ठेवून, फक्त दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत.

आता परत परत येणारी तक्रार. सायलेन्सर फ्लोअरला आपटतो, कुणीतरी रबरी हँगर बदलून देतं, काही आठवडे शांत, परत धप्प. पुन्हा हँगर. इथे हँगरचा दोष नसतो. इंजिन माउंटिंग बसलेलं असतं, जोर दिला की इंजिन गरजेपेक्षा जास्त डोलतं, आणि इंजिनाला बोल्टने जोडलेला एक्झॉस्ट त्याच्याबरोबर फिरून बॉडीला आपटतो. नवा रबर तो धक्का काही दिवस सोसतो, इतकंच. म्हणून हँगर फाटलेला दिसला की मी माउंटिंग बघितल्याशिवाय गाडी खाली घेत नाही.

माउंटिंग बघायचं कसं? आधी नुसत्या डोळ्यांनी. रबर धातूपासून सुटलंय का, मध्ये चीर आहे का. द्रव भरलेलं माउंटिंग असेल तर त्याच्याखाली तेलकट ओघळ दिसतो. इंजिनाचा खालचा भाग गाडीच्या फ्रेमला बांधणारा हाडासारखा आडवा दांडा तपासायचा विसरू नका, कारण जोर दिल्यावर सगळ्यात जास्त ओढ त्याच्यावर येते आणि वरून तो दिसतच नाही. मग हालचाल. मदतनीस ड्रायव्हरच्या जागी, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक घट्ट दाबलेला. तुम्ही बाजूला उभे, गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही नाही. हाताने गिअर टाकायच्या (मॅन्युअल) गाडीत पहिला गिअर टाकून क्लच पकडायला लागेल इतकाच सोडायचा आणि परत दाबायचा. मग रिव्हर्समध्ये तेच. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून ठेवून डी आणि आर. रेस द्यायची गरज नाही. इंजिन थोडं झुकणारच. ते उसळलं, आपटलं, तर दोषी सापडला. एकच माउंटिंग बदलून बाकी थकलेली ठेवली तर नव्यावर सगळा भार येतो आणि तेही लवकर जातं. सगळी बदलाच असं मी म्हणत नाही, पण सगळी बघितल्याशिवाय एक बदलू नका.

जॉइंट आणि बेअरिंग

पुढचं चाक पूर्ण वळवा आणि एक्सेलच्या टोकावरचा रबरी बूट बघा. फाटला असेल तर चाकाच्या रिमच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या कॅलिपरवर आणि आर्मवर ग्रीसची काळी रांग उडालेली दिसेल. चाक फिरताना ती एका रेषेत उडते, म्हणून चटकन ओळखू येते. आवाज नसताना बूट फाटलेला सापडला तर नवा बूट आणि ताजं ग्रीस पुरतं. टक-टक सुरू झाल्यावर ग्रीस भरून उपयोग नाही. आतल्या गोळ्यांच्या खाचांना खड्डे पडलेले असतात, ते ग्रीसने भरत नाहीत. आवाज थोडा दबतो आणि पुन्हा येतो.

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरा, हलकी रेस द्या, मग उलट दिशेने. टक-टक बहुतेक वेळा बाहेरच्या चाकाकडून येते, म्हणजे डावीकडे वळताना आली तर उजवा एक्सेल. वळताना शांत पण सरळ रस्त्यावर जोर दिला की थरथर, आणि चाकांचं बॅलन्सिंग करूनही जात नाही, तर आतला जॉइंट. मी अशा गाड्या पाहिल्यात की ज्यांचे टायर, अलाइनमेंट सगळं करून झालंय आणि थरथर तशीच. बॅलन्सिंगची थरथर पाय उचलल्यावर थांबत नाही, हा साधा फरक कुणी बघितलेला नसतो.

प्रोपेलर शाफ्टच्या गाडीत युनिव्हर्सल जॉइंटच्या कपांभोवती लालसर गंजाची भुकटी दिसते का बघा. भुकटी म्हणजे आतलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया कोरड्या फिरतायत. इंजिन बंद, चाकांना ठोकळे, शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवला की प्ले, म्हणजे सैलपणा कळतो.

व्हील बेअरिंगची खूण अशी : सलग वळणावर घूं-घूं बदलते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, तेव्हा वाढली तर बहुधा उजवं. गाडी स्टँडवर घेऊन चाकाचा वरचा आणि खालचा भाग धरून हलवा, मग एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते, कानाला ऐकू येण्याआधी. बेअरिंग बदलायला बऱ्याच गाड्यांत प्रेस लागते. हातोड्याने ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग लवकरच पुन्हा ओरडतं, तेव्हा हे काम ज्याच्याकडे प्रेस आहे त्याच्याकडेच द्या.

किणकिण आणि गिअर

पेट्रोल गाडी चढावर किणकिणते तेव्हा आधी स्वतःची सवय बघा. पाचव्या गिअरमध्ये बाराशे आरपीएमला पाय तळापर्यंत दाबला तर चांगलं इंजिनही कण्हेल. एक गिअर खाली घ्या. आवाज गेला आणि परत आला नाही तर गाडीत दोष नाही. तरीही येत असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ऑक्टेनचं इंधन भरताय का ते बघा. टाकी जवळपास रिकामी करून एकदा वरच्या ऑक्टेनचं भरा. फरक पडला तर ते नॉकिंगच. पुढचा शोध कार्बन, स्पार्क प्लगचा प्रकार, कूलिंग आणि नॉक सेन्सर यांचा, आणि इथे स्कॅनर लागतो. साधा कोड रीडर लावून पी ०३०० च्या आसपासचे कोड आले तर मिसफायर, पी ०३२५ आला तर नॉक सेन्सरचं सर्किट. कोड जागा दाखवतो, बदलायचा भाग सांगत नाही.

सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएम आणि जास्त जोर या मेळावर, स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटून एखादाच मोठा ठोका बसतो. पिस्टन फोडायला तसे थोडे ठोके पुरतात. ऑइलचा यात हात असतो. ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा (एपीआय) एसएन प्लस दर्जा २०१८ मध्ये याच कारणासाठी आला आणि २०२० च्या एसपी दर्जात टायमिंग चेनच्या (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी इंजिनातली साखळी) झिजेचीही चाचणी घातली गेली. अशा गाडीत डब्यावर एसपी किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेला दर्जा आहे का, एवढं तरी बघाच. गार इंजिन चालू करताना दोन-तीन सेकंद साखळीची खरखर येत असेल तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. हे लांबवू नका आणि स्वतः उघडूही नका.

इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, आरपीएम चढतात आणि वेग मागे राहतो, तर मॅन्युअल गिअरच्या गाडीत क्लच स्लिप होतोय. सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गाडीत थोडंसं असं होणं हा तिचा स्वभाव आहे. क्लच दाबल्यावर सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा, दाबल्यावर बंद होणारा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा. एकाच गिअरमध्ये घुंई येत असेल तर तो गिअर. सगळ्यांत येत असेल तर आधी गिअर ऑइलची पातळी. ऑइल काढल्यावर ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप असणं नेहमीचं आहे. बोटाला टोचणारे तुकडे असले की पाना खाली ठेवा. गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि इंजिनाच्या आतलं काम मोजमापाचं आहे, अंदाजाचं नाही.

मेकॅनिककडे न्याल तेव्हा निदान घेऊन जाऊ नका, नोंद घेऊन जा : कोणता गिअर, किती आरपीएम, गार की गरम, उभ्या गाडीत येतो का, क्लच दाबल्यावर राहतो का. आणि त्याला शेजारी बसवून आवाज ऐकवा. आवाज न ऐकताच कुणी मोठा भाग बदलायला सांगितला तर दुसरीकडे दाखवा. दुरुस्तीनंतर त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये एक फेरी मारा, आणि कामात चाक काढलं गेलं असेल तर ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट टॉर्क रेंचने परत एकदा बघून घ्या.